अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या लेकीची किडनी सांभाळताना

माझी मुलगी मनू २०१३ साली मिरजेत जन्मली, दिवस भरायला बारा आठवडे बाकी असताना. वजन ९८० ग्रॅम. गरोदरपणात माझं बीपी एकाएकी इतकं चढलं की बाळाला बाहेर काढण्यावाचून डॉक्टरांपुढे मार्ग उरला नाही. आज ती बारा वर्षांची आहे, खो-खो खेळते, भांडखोर आहे, आणि किडनीसाठी रोज एक छोटी गोळी घेते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोळे तपासायचे, कान तपासायचे, डोक्याची सोनोग्राफी करायची, हे आता बऱ्याच आईवडिलांना ठाऊक असतं. किडनीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. आमच्या घरी तो विषय मनू सहा वर्षांची झाल्यावर निघाला. तिथून पुढे काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते आहे. ज्यांचं बाळ आज काचेत आहे किंवा नुकतंच घरी आलंय, त्यांच्या हे उपयोगी पडावं.

आधी थोडं एनआयसीयूबद्दल, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबद्दल, कारण पुढच्या सगळ्याची मुळं तिथे आहेत. मला ठरलेल्या वेळी आत सोडत. कोपरापर्यंत हात धुवून, गाऊन चढवून पेटीपाशी उभं राहायचं. तिथल्या एक सिस्टर दर काही तासांनी मनूचा तळहाताएवढा लंगोट काढायच्या, छोट्या काट्यावर ठेवायच्या, कोरड्या लंगोटाचं वजन त्यातून वजा करायच्या आणि उरलेला आकडा तक्त्यावर लिहायच्या. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर लघवी. बाळाच्या दर किलो वजनामागे तासाला निदान एक मिलिलिटर तरी व्हायला हवी, असा तो हिशेब. पहिल्या आठवड्यात हा आकडा खाली घसरला आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, चढत चढत १.८ वर गेलं. डॉक्टरांनी अमिकासिनच्या दोन डोसांमधलं अंतर वाढवलं, कारण ते प्रतिजैविक जंतूंना मारतं तसं किडनीलाही जाचतं. हृदयाजवळची जी रक्तवाहिनी जन्मानंतर मिटते, ती मनूची उघडीच होती. ती मिटावी म्हणून आयबुप्रोफेन देतात. त्यानं किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं, म्हणून तेही त्यांनी थांबवलं. वाहिनी पुढे आपोआप मिटली, लघवी वाढली, क्रिएटिनिन उतरलं. डिस्चार्ज कार्डावर या सगळ्याची नोंद एका ओळीत आली: 'एकेआय, रिकव्हर्ड'. म्हणजे किडनीला अचानक इजा झाली होती, ती भरून आली.

पुढची वर्षं डोळे, कान, मान धरणं, बसणं, चालणं, बोलणं यांत गेली. त्या तपासण्या चोख झाल्या आणि त्यांचे मी कायम आभार मानते. मनू उशिरा चालली, पण चालली. शाळेत घातली तेव्हा वर्गात सगळ्यांत बुटकी होती, तरी तब्येतीची तक्रार अशी काही नव्हती.

२०१९ साली पावसाळ्यात तिला ताप आला म्हणून सांगलीत आमच्या घराजवळ नव्यानं दवाखाना सुरू केलेल्या बालरोगतज्ज्ञ मॅडमकडे नेलं. ताप साधाच निघाला. पण त्यांनी विचारलं, "जन्माच्या वेळी वजन किती होतं?" आकडा ऐकल्यावर लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "डिस्चार्ज कार्ड आहे का?" होतं. रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवलेलं होतं, ते दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं. त्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं, "हिचं बीपी कधी कुणी मोजलंय?"

सहा वर्षांच्या मुलीचं बीपी? शाळेतल्या बायकांना सांगितलं तर त्याही चकित झाल्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, रोज पन्नासेक मुलं समोर असतात, पण मुलांना बीपी असतं ही कल्पनाच कधी मनात आली नव्हती. मॅडमनी सांगितलं की निरोगी मुलांचंही तीन वर्षांनंतर वर्षातून एकदा बीपी बघावं, आणि जी बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मली किंवा जन्मतः फार लहान होती त्यांचं तर तीन वर्षांची वाटही न बघता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट म्हटलंय.

मोजताना त्यांनी घाई केली नाही. आधी ताप पूर्ण उतरू दिला, मग वेगळ्या दिवशी बोलावलं. मनूला खुर्चीवर पाठ टेकून बसवलं, पायाखाली स्टूल दिलं, पाच मिनिटं गप्पा न मारता बसायला सांगितलं, उजवा हात टेबलावर छातीच्या उंचीवर ठेवला. टेपनं दंडाचा घेर मोजला, १७ सेंटिमीटर. दंडाला गुंडाळतो त्या पट्ट्याच्या आत हवेची पिशवी असते. तिची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण चाळीस टक्के हवी आणि लांबीनं दंडाचा निदान ऐंशी टक्के भाग वेढला जायला हवा. पट्टा लहान पडला तर बीपी खोटंच जास्त दिसतं, मोठा झाला तर खोटंच कमी दिसतं. मोठ्या माणसांचा पट्टा मुलाच्या दंडाला गुंडाळून "नॉर्मल आहे हो" म्हणतात, तेव्हा त्या आकड्याला काही अर्थ नसतो. मुलाचं बीपी कुठेही मोजून घ्या, पण पट्टा कोणत्या मापाचा आहे ते जरूर विचारा. विचारायला अजिबात संकोचू नका.

मनूचं आलं ११२ वर ७४. मोठ्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो खूश होऊन घरी जाईल. मुलांचं तसं नसतं. वय, मुलगा की मुलगी, आणि उंची या तिन्ही गोष्टी धरून तक्त्यात बघावं लागतं. त्या तक्त्यात शंभरातल्या पंचाण्णव मुलींचं बीपी ज्या रेघेच्या खाली असतं, त्या रेघेच्या मनू किंचित वर होती. एका मोजणीवर निदान करत नाहीत म्हणून वेगवेगळ्या आठवड्यांत पुन्हा मोजलं. दर वेळी रेघेच्या आसपास किंवा वरच.

मग मॅडमनी मला आणि मनूच्या बाबांना बसवून नीट समजावलं. किडनीत रक्त गाळणारे सूक्ष्म घटक असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. एका किडनीत सरासरी नऊ-दहा लाख. माणसामाणसांत फरक इतका की कुणाला दोन लाख, तर कुणाला वीस लाख. हे नेफ्रॉन आईच्या पोटातच तयार होतात आणि साधारण चौतीस ते छत्तीस आठवड्यांपर्यंत ते काम पुरं होतं. त्यातले निम्म्याहून अधिक शेवटच्या तीन महिन्यांत बनतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळ बाहेर आलं तर त्यानंतर काही आठवडे नेफ्रॉन बनत राहतात, पण पोटातल्यासारखे नाहीत. त्यांतले काही वेडेवाकडे निपजतात. त्याच दिवसांत बाळाला प्रतिजैविकं, कमी ऑक्सिजन, कमी रक्तदाब हे सगळं सोसावं लागतं. एकदा ती मुदत संपली की आयुष्यात नवा नेफ्रॉन एकही तयार होत नाही.

"शंभर पानांच्या पंगतीला चारच वाढपी असले तर काय होईल?" त्यांनी विचारलं. "कुणी उपाशी उठणार नाही. पण चौघं धावून धावून थकतील. त्यातला एक बसला की उरलेल्या तिघांवर आणखी भार." कमी नेफ्रॉन असले की उरलेले प्रत्येकी जास्त रक्त गाळतात, आतला दाब वाढतो, गाळणी जरा सैल होते आणि लघवीतून प्रथिनं झिरपू लागतात. वर्षानुवर्षं असं चाललं की काही नेफ्रॉन निकामी होतात, बीपी चढतं आणि त्यानं आणखी नेफ्रॉन जातात. अमेरिकेतले किडनीतज्ज्ञ बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली हा विचार मांडला होता. म्हणजे माझं स्वतःचं लग्न व्हायच्याही कितीतरी आधीची ही माहिती आहे.

मनूच्या बाबांनी सरळ विचारलं, "म्हणजे हिची किडनी फेल होणार का?" मॅडमनी तितक्याच सरळपणे नाही म्हणून सांगितलं. त्याच वर्षी स्वीडनचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. १९७३ ते २०१४ या काळात तिथे जन्मलेल्या चाळीस लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांना पुढे किडनीचा दीर्घ आजार होण्याची शक्यता पूर्ण दिवसांच्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट निघाली, अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांची सुमारे तिप्पट. पण मुळात ती शक्यताच लहान असल्यानं दुप्पट-तिप्पट होऊनही बहुतेक मुलांना काही होत नाही. हे दोन्ही एकदम लक्षात ठेवणं जड जातं. आमच्या घरात कुणी दुप्पट हा शब्द धरून बसलं, कुणी बहुतेकांना काही होत नाही हे धरून बसलं. मला वाटतं, यातून वर्षातून एकदा बघत राहायचं, एवढाच अर्थ काढावा.

तपासण्या सुरू झाल्या. पहिली लघवीची. ही सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त वेळा चुकीच्या पद्धतीनं होणारी. झोपायच्या आधी मुलाला लघवीला पाठवायचं आणि सकाळी उठल्या उठल्या जी पहिली लघवी होते ती, मधल्या धारेची, बाटलीत घ्यायची. दिवसभर उभं राहून, पळून झाल्यावर काही निरोगी मुलांच्या लघवीतही थोडी प्रथिनं येतात, म्हणून सकाळचीच हवी. लॅबमध्ये 'युरिन रुटीन' सांगितलं तर पट्टी बुडवून बघतात, तीत अल्ब्युमिन नावाचं प्रथिन थोडंसं असलं तर दिसतच नाही. 'अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो' असं चिठ्ठीवर लिहून घ्यायचं आणि पैसे भरताना पुन्हा तेच सांगायचं. आमच्याकडे पहिल्यांदा रुटीनचाच रिपोर्ट हातात आला होता. योग्य तपासणी झाली तेव्हा आकडा ४८ आला. ३० च्या आत हवा. ताप, खोकला, लघवीचा संसर्ग असताना हा आकडा उगाच वाढतो म्हणून तब्येत ठणठणीत असताना पुन्हा करून घेतला, तरी तिशीच्या वरच.

रक्तातलं क्रिएटिनिन ०.५ होतं. रिपोर्टवर शेजारी छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची होती, त्यामुळे कुठे ठळक अक्षर नाही, बाण नाही. मुलांसाठी एक वेगळं गणित करतात: उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिला ०.४१३ नं गुणायचं आणि क्रिएटिनिननं भागायचं. मनूची उंची तेव्हा ११२. उत्तर आलं ९२ च्या आसपास, म्हणजे गाळण्याचं काम ठीक चाललेलं. पण पंगतीत किती वाढपी राबत आहेत हे त्या आकड्यातून कळत नाही, असं मॅडम म्हणाल्या. उरलेले नेफ्रॉन जास्त राबत असले तरी एकूण काम पुरं दिसतं. म्हणून नुसतं क्रिएटिनिन बघून निर्धास्त व्हायचं नाही.

सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकारानं वयाच्या मानानं लहान निघाल्या, साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास. खडे किंवा कॅल्शियमचे साठे नव्हते. फुप्फुसातलं पाणी कमी करण्यासाठी जे औषध एनआयसीयूत देतात त्यानं काही बाळांच्या किडनीत कॅल्शियम साठतं, त्यामुळे तेही बघून घेतात.

एवढं झाल्यावर पुण्याला मुलांच्या किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चोवीस तासांचं बीपी लावलं. दंडाला पट्टा, कमरेला डबी. दिवसा दर वीस मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या तासानं ती आपोआप घुरघुरते, पट्टा फुगतो, आकडा नोंदते. त्या वेळी हात हलला तर मोजणी वाया. आम्ही पुण्यात नणंदेकडे उतरलो होतो. तिच्या मुलांनी यातून खेळच काढला. डबी घुरघुरली की कुणीतरी ओरडायचं "स्टॅच्यू!" आणि घरातले सगळे, नणंदेचे सासरेसुद्धा, आहे तिथे थांबायचे. तिच्या एका मोजणीसाठी चहाचा कप ओठापाशी धरून उभे राहिलेले आजोबा मनूला अजून आठवतात. रात्री झोप मोडली, पण रिपोर्ट चांगला निघाला, म्हणजे नोंदी पुऱ्या मिळाल्या. झोपेत बीपी दिवसाच्या मानानं निदान दहा टक्के तरी उतरायला हवं, मनूचं तेवढं उतरत नव्हतं. डॉक्टरांच्या भीतीनं चढणारं बीपी की खरंच चढलेलं, याचा निवाडा यातूनच झाला.

आधी काही महिने नुसतं मीठ आणि वजन सांभाळलं. मग एनालाप्रिल सुरू झालं, अगदी थोड्या मात्रेत. ही गोळी बीपी उतरवते, शिवाय नेफ्रॉनच्या आतला दाबही कमी करते, त्यामुळे लघवीतलं अल्ब्युमिन घटतं. सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघितलं. एक सूचना डॉक्टरांनी आमच्याकडून दोनदा वदवून घेतली: उलट्या-जुलाब लागले, मूल काही पीत नसेल, तर त्या दिवशी गोळी द्यायची नाही आणि फोन करायचा. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना हीच गोळी किडनीला अडचणीत आणते. हे कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावलं आहे, म्हणजे मी घरी नसताना आईंनाही दिसेल. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

घरात सर्वांत अवघड काय गेलं असेल तर मीठ. आम्ही सांगलीकर. भडंग नाही असा आठवडा नाही. वर लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी, ताकात मीठ. मोठ्या माणसानंसुद्धा दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, मुलांना तर त्याहून कमी. एकट्या मनूच्या ताटातलं लोणचं काढलं असतं तर तिला ती शिक्षा वाटली असती. म्हणून घरातल्या सगळ्यांचंच मीठ उतरवलं. आईंनी भडंग घरी करायला घेतलं. लसूण, कढीपत्ता, तिखट, शेंगदाणे सढळ, मीठ नखभर. पाकिटातले कुरकुरे पदार्थ आणि झटपट नूडल्स बंद झाले. काही आठवड्यांत जीभ बदलते. आता बाहेरचं भडंग मनूलाच खारट लागतं.

आईंशी माझा खरा वाद झाला तो वजनावरून. ९८० ग्रॅमची नात त्यांनी तळहातावर वाढवलेली. ती जरा गुबगुबीत दिसावी ही त्यांची केवढी इच्छा. तूप, साखर, साय. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "आजी, किडनी छोटी आहे, अंग फार मोठं करू नका तिचं." लहान जन्मलेलं मूल नंतर भराभर वजन वाढवतं तेव्हा किडनीवरचा भार वाढतो आणि पुढे बीपी-साखरेचाही धोका वाढतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत माता-बालकांचा जो अभ्यास केला, त्यात आपली बाळं वजनानं कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असल्याचं दिसलं होतं. आपल्याकडच्या मुलांना याची जास्तच काळजी घ्यायला हवी. आई त्या दिवशी घरी येऊन गप्प होत्या. पण नंतर मनूच्या डब्याला साखरेचा सांजा कधी आला नाही, उसळी यायला लागल्या.

उसळीवरूनही लोक बोलले. "किडनीचा त्रास आहे ना, मग डाळी कशाला देता?" शेजाऱ्यांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी विचारलं. वाढत्या मुलाची प्रथिनं अशी आपल्या मनानं तोडायची नसतात. मनूला वयाला साजेशी डाळ, उसळ, दूध, अंडं द्या, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. मोठ्यांच्या आजारातला पथ्याचा तक्ता मुलाला लावू नये, हे मी आता ठामपणे सांगते.

औषधांचं तर फारच सांभाळावं लागतं. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आपल्याकडे तापाची बरीच सिरप पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असलेली असतात, काही मेफेनॅमिक ॲसिडची. ताप उतरत नाही म्हणून ती सर्रास दिली जातात. जुलाब आणि ताप एकत्र असताना ती मनूसारख्या मुलाच्या किडनीला महागात पडू शकतात. बाटलीवरचं नाव न वाचता आतले घटक वाचायची सवय लावून घेतली. कुठल्याही नव्या डॉक्टरांकडे गेलो की पहिलं वाक्य ठरलेलं: "अठ्ठावीस आठवड्यांची आहे, किडनीला पूर्वी इजा झाली होती, एनालाप्रिल चालू आहे." भस्मं असलेली औषधं आणि कुणाकुणाचे काढे यांनाही नम्रपणे नको म्हणायला शिकलो.

२०२० साली पुण्याला जाणं बंद पडलं. तेव्हा मॅडमनी मला हातानं बीपी मोजायला शिकवलं. लहान मापाचा पट्टा औषधाच्या दुकानात मिळेना, मिरजेतल्या सर्जिकल सामानाच्या दुकानातून मागवला. कोपराच्या वळणावर आतल्या बाजूला नाडी बोटानं शोधायची, तिथे स्टेथोस्कोप टेकवायचा, पट्टा फुगवायचा आणि हवा अगदी सावकाश सोडायची. एका आकड्यावर पहिला ठोका ऐकू येतो, तो वरचा. ठोके मंद होत होत जिथे थांबतात, तो खालचा. सुरुवातीला मला माझ्याच कानातली धडधड ऐकू यायची. पंखा बंद करून, दार लावून, मनूचे बाबा आणि आई दोघांच्या हातांवर सराव केला तेव्हा हात बसला. आकडे वहीत लिहून फोटो पाठवायचे आणि तिकडून गोळीची मात्रा ठरायची. आपोआप मोजणारं यंत्र वापरलं तरी चालतं, पण ते जास्त दाखवतंय असं वाटलं तर हातानं ताडून बघावं लागतं.

हाच सराव करताना मॅडमनी एकदा मलाच विचारलं, "बाई, तुमचं किती येतं?" गरोदरपणात ज्या बाईचं बीपी असं चढतं तिला पुढे बीपीचा, हृदयाचा आणि किडनीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. बाळंतपण झालं, बीपी उतरलं, की सगळे ते विसरतात. आता मनूच्या तपासणीच्या दिवशीच माझंही बीपी, लघवी आणि साखर बघून घेते. ज्या आयांचं बाळ याच कारणानं लवकर झालं त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, बाळाच्या फाइलमध्ये तुमचाही एक कागद लावा.

२०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं दिवस भरायच्या आधी जन्मली, त्यांतली सुमारे ३० लाख भारतात. आपल्या जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात कक्षांमुळे आणि घरोघरी जाणाऱ्या आशाताईंमुळे अशी कितीतरी बाळं आता वाचतात. ती मोठी होऊन अंगणवाडीत येतात, माझ्या वर्गात येऊन बसतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला, मनूच्याच वयाचा. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. आमच्या शाळेत पथक येतं तेव्हा मी आता एक यादी तयार ठेवते. पहिलीत प्रवेश घेताना आईला विचारते, मूल कितव्या महिन्यात जन्मलं, तेव्हा वजन किती होतं, काचेत ठेवलं होतं का. दोन किलोच्या आतल्या मुलांची नावं पथकातल्या डॉक्टरांना देते आणि पालकांना बीपी-लघवीसाठी चिठ्ठी घेऊन जायला सांगते. माझ्या मते हे तीन प्रश्न प्रत्येक शाळेच्या प्रवेश अर्जावर छापायला हवेत. दोन ओळींची जागा लागेल फक्त.

मनूचं अल्ब्युमिन आता तिशीच्या आत आहे, बीपी रेघेच्या बरंच खाली. पण यापुढची वर्षं जास्त जपायची आहेत. वयात येताना अंग झपाट्यानं वाढतं, किडनीतले नेफ्रॉन मात्र तेवढेच राहतात. म्हणून अठरापर्यंत दर सहा महिन्यांनी बीपी, वर्षातून एकदा सकाळची लघवी आणि क्रिएटिनिन, मधूनमधून सोनोग्राफी असं आमचं ठरलेलं आहे. पुढे मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जायची वेळ येईल तेव्हासाठी फाइलच्या पहिल्या पानावर एकाच कागदावर सगळं लिहून ठेवलंय. जन्माचे आठवडे, वजन, तेव्हाचं क्रिएटिनिन, दिलेली औषधं, किडनीची मापं. शेवटी एक ओळ डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं लिहिली आहे, की एनालाप्रिल गरोदरपणात चालत नाही, तेव्हा त्याआधी बदलून घ्यायचं. मनूनं ती वाचली आणि तिला आत्ताच एवढं सगळं का सांगता म्हणून वैतागली. तिचा प्रश्न वेगळाच आहे. उन्हाळ्यात खो-खोचं शिबिर आहे, सकाळ-संध्याकाळ मैदानावर घाम गाळायचा. त्या दिवसांत गोळी कशी घ्यायची, पाणी किती प्यायचं आणि त्यात मीठ-साखर घातलेली चालेल का, हे ती येत्या भेटीत डॉक्टरांना स्वतः विचारणार आहे.